लॅपटॉपला वायरने आलेलं नेट फोनला वायफायने कसं द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होस्टेलच्या खोलीत भिंतीवर लॅनचा पोर्ट असतो, राउटर लावायला परवानगी नसते आणि फोनच्या रिचार्जचा रोजचा डेटा दुपारीच संपतो. भाड्याच्या खोलीत, छोट्या कार्यालयात, अभ्यासिकेत हीच गत. नेट टेबलापर्यंत आलेलं आहे, फोनपर्यंत तेवढं पोहोचत नाही. लॅपटॉपमध्ये वायफाय असेल, तर हे उरलेलं हातभर अंतर कापायला एक रुपयाही खर्च येत नाही. याबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांकडे विंडोज असतं म्हणून भर त्यावर आहे. मॅक आणि लिनक्सची उत्तरं पुढे आहेत.

यात नेमकं होतं काय?

लॅपटॉप तुमच्या फोनसाठी राउटर बनतो. एका बाजूने वायरमधून नेट घेतो आणि दुसऱ्या बाजूने स्वतःच्या वायफाय कार्डातून एक छोटं नेटवर्क उभं करतो. या छोट्या नेटवर्कवर जो फोन येईल त्याला लॅपटॉप एक खासगी पत्ता देतो. विंडोजमध्ये हा पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होतो आणि लॅपटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ वर बसतो.

फोनने एखादं पान मागितलं की लॅपटॉप ती मागणी स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो, उत्तर आलं की ते कुणाचं होतं हे लक्षात ठेवून त्या फोनला देतो. सोसायटीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल वॉचमनने बरोबर त्या फ्लॅटला पोहोचवावं, तसं. बाहेरच्या नेटवर्कला फक्त लॅपटॉप दिसतो, मागचे फोन दिसत नाहीत. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत, म्हणून ती आधी सांगितली.

ही सोय नवी नाही. विंडोज ९८ च्या १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ विंडोजमध्ये आहे. तेव्हा दुसरा संगणकही वायरनेच जोडायचे, आज त्या जागी वायफाय आहे.

राउटर विकत घेणं बरं की हे?

घर स्वतःचं असेल, चार माणसं असतील, टीव्हीही नेटवर चालत असेल, तर राउटरच घ्या. तो चोवीस तास चालू राहतो, वीज कमी खातो, आणि तुम्ही लॅपटॉप उचलून बाहेर गेलात तरी घरच्यांचं नेट जात नाही.

लॅपटॉपचा हॉटस्पॉट, म्हणजे वर सांगितलेलं छोटं नेटवर्क, खरा उपयोगी पडतो तो राउटर लावता येत नाही किंवा लावून उपयोग होत नाही तिथे. काही पुरवठादार एकाच यंत्राच्या हार्डवेअर पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, जोडणी बांधून ठेवतात. वायर काढून राउटरला लावली की नेट बंद. काही ठिकाणी मुक्कामच चार महिन्यांचा असतो. लॉजवर एक रात्र काढायची असते. राउटर बिघडला आणि नवा यायला दोन दिवस आहेत, तेव्हाही हाच मार्ग.

माझ्याकडे काय काय असायला हवं?

वायरवर चालू असलेलं नेट आणि चालू स्थितीतलं वायफाय कार्ड. बस.

पण ‘चालू स्थितीतलं’ या शब्दांकडे नीट बघा. वायर लावली म्हणून बरेच जण वायफाय बंद करून टाकतात, किंवा विमान मोड कधीतरी लागलेला असतो. वायफाय कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालतं, पण त्याचं बटण चालूच हवं. काही जुन्या लॅपटॉपांना बाजूला किंवा पुढच्या कडेला वायफायचं सरकतं बटण असतं. ते बंद असेल तर सेटिंग्जमध्ये कितीही शोधलं तरी उपयोग नाही.

डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसतं. त्याला यूएसबीचा वायफाय डोंगल लावावा लागतो. घेताना दुकानदाराला ‘यातून हॉटस्पॉट होतो का’ हे स्पष्ट विचारा, कारण काही स्वस्त डोंगल फक्त नेट घेऊ शकतात, देऊ शकत नाहीत. आणि तो सीपीयूच्या मागच्या बाजूला लावू नका. लोखंडी डब्यामागे, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या डोंगलची रेंज खोलीतसुद्धा धड मिळत नाही. यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर आणा.

विंडोज १० आणि ११ मध्ये हॉटस्पॉट कसा चालू करायचा?

सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, तिथे ‘मोबाइल हॉटस्पॉट’ आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ही सोय मिळते. त्याआधीचं विंडोज १० असेल तर ते अद्ययावत करूनच पुढे जा.

या पानावर पहिली ओळ असते ‘माझं इंटरनेट कुठून द्यायचं’ या अर्थाची. तिथे ‘इथरनेट’ निवडा. इथे चुकीचं नाव निवडलेलं असणं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, त्यामुळे ही ओळ दोनदा वाचा. दुसरी ओळ ‘कशावरून द्यायचं’, तिथे वायफाय. मग ‘एडिट’वर जाऊन नाव आणि पासवर्ड बदला. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. वरचं बटण चालू केलं की फोनच्या वायफाय यादीत ते नाव दिसायला हवं.

नाव मराठीत ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण छोटं. वायफायच्या नावाला एकूण ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळं चिन्ह धरले जातात. म्हणजे सगळे मिळून जेमतेम दहा चिन्हं. ‘सावली’ बसेल, ‘दुसरा मजला खोली’ बसणार नाही. जुन्या प्रिंटरांना किंवा टीव्हींना देवनागरी नाव वाचता येत नाही, तेही ध्यानात असू द्या.

माझ्याकडे अजून विंडोज ७ आहे. जमेल का?

जमतं. विंडोज ७ मध्ये हॉटस्पॉटचं बटण नाही, पण ‘होस्टेड नेटवर्क’ नावाची सोय आतमध्ये आहे. ती कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, आदेश देऊन चालू करावी लागते. त्यानंतर नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत जाऊन वायरच्या जोडणीवर शेअरिंग लावायचं. ‘ॲड हॉक’ नावाचा जुना पर्यायही तिथे दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. अँड्रॉइड फोनांना तसलं नेटवर्क यादीत दिसतच नाही.

मात्र विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं आहे. अशा संगणकामागे घरातले सगळे फोन बसवणं मला पटत नाही. बँकेचे व्यवहार फोनवर होत असतील तर आधी संगणकाचं बघा.

फोन हॉटस्पॉटला जोडला जातो, पण नेट चालत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर फोनच्या पडद्यावर लिहिलेलं असतं, फक्त ते बघायची सवय लावायची.

आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. वायफायवर नेट नसलं की अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. माणसाला वाटतं हॉटस्पॉट मस्त चाललाय, आणि इकडे रिचार्जचा डेटा संपत असतो.

मग फोनच्या वायफाय सेटिंग्जमध्ये जोडलेल्या नावावर दाबा आणि आयपी पत्ता (लॅपटॉपने फोनला दिलेला तो खासगी पत्ता) वाचा. तीन शक्यता असतात.

पत्ता मिळालेलाच नसेल, म्हणजे अँड्रॉइड ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावर अडकला असेल, किंवा आयफोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसत असेल, तर लॅपटॉपने पत्ता दिलेला नाही. इथे बहुतेक वेळा दोषी असते लॅपटॉपवरची फायरवॉल. विकतचा किंवा लॅपटॉपसोबत आलेला अँटिव्हायरस स्वतःची फायरवॉल चालवतो आणि अनोळखी नेटवर्कवरून आलेली पत्त्याची मागणी अडवतो. ती दोन मिनिटांपुरती बंद करून बघा. पत्ता मिळाला तर कारण सापडलं. मग फायरवॉल परत चालू करा आणि तिच्या सेटिंग्जमध्ये या हॉटस्पॉटचं नेटवर्क ‘विश्वासू’ म्हणून नोंदवा. ती कायमची बंद ठेवू नका.

पत्ता १९२.१६८.१३७ चा मिळाला असेल आणि तरी नेट नसेल, तर लॅपटॉप आणि फोन यांच्यातलं सगळं ठीक आहे. गडबड लॅपटॉपच्या पलीकडे आहे. लॅपटॉपवरच एखादी साइट उघडून बघा. तिथेच नेट नसेल तर हॉटस्पॉटला दोष देण्यात अर्थ नाही. लॅपटॉपवर चालतंय आणि फोनवर नाही, तर शेअरिंग चुकीच्या जोडणीवर लागलं आहे, किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा प्रोग्राम) चालू आहे. व्हीपीएन बंद करून एकदा तपासा. आणि तपासताना ब्राउझरवर एकदम भिस्त ठेवू नका. ब्राउझर कधीकधी साठवलेलं पान दाखवतो. ज्या साइटवर कधी गेला नाहीत तीच उघडा.

तिसरी शक्यता क्वचित येते, पण आली की लोक दिवसभर डोकं धरून बसतात. खोलीत येणारी वायरच दुसऱ्या कुणाच्या विंडोज संगणकातून शेअर होऊन येत असते. तसं असेल तर तुमच्या लॅपटॉपला वायरवरही १९२.१६८.१३७ चाच पत्ता मिळतो, आणि हॉटस्पॉटच्या बाजूलाही तोच. दोन्हीकडे एकच पत्ता असला की कुठली मागणी कुठे पाठवायची हे लॅपटॉपला कळत नाही. मूळ संगणकाच्या जागी राउटर येत नाही तोवर हे नीट सुटत नाही.

आमच्याकडे नेट डायलरने येतं. युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्ट करावं लागतं. हॉटस्पॉट चालू केला की ‘इथरनेट जोडणी नाही’ असं येतं.

गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट अजून बऱ्याच ठिकाणी असंच येतं. याला पीपीपीओई म्हणतात. यात वायर नुसती रस्ता असते. नेट असतं ते डायलरने उघडलेल्या वेगळ्या जोडणीत. तुम्ही हॉटस्पॉटला ‘इथरनेट’ द्यायला सांगता तेव्हा तो रिकामा रस्ता वाटायला बघतो.

हॉटस्पॉटच्या पानावरच्या पहिल्या यादीत डायलरचं नाव दिसतंय का ते बघा. दिसलं तर तेच निवडा, काम झालं. दिसत नसेल तर जुन्या वाटेने जावं लागतं. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडा. तिथे तीन चिन्हं ओळखायची: वायरचं ‘इथरनेट’, डायलरचं (बहुधा ‘ब्रॉडबँड कनेक्शन’), आणि हॉटस्पॉट उभा असेल तेव्हाच दिसणारं ‘लोकल एरिया कनेक्शन’, ज्याच्या नावापुढे एक चांदणी (*) आणि आकडा असतो, आणि खाली ‘वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल ॲडॅप्टर’ असं लिहिलेलं असतं. ही चांदणीवाली जोडणी म्हणजे तुमचा हॉटस्पॉट. आता डायलरच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘शेअरिंग’, पहिल्या चौकटीत खूण, आणि खालच्या यादीत चांदणीवाली जोडणी निवडून ओके.

अडचण एवढीच की काही संगणकांवर डायलर चालू असताना हॉटस्पॉट उभाच राहत नाही. मग वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जुन्या होस्टेड नेटवर्कला साथ देतो का ते तपासावं लागतं, आणि नव्या ड्रायव्हरांमध्ये ती साथ काढून टाकलेली आहे. म्हणून डायलरवाल्यांना माझा सल्ला वेगळा आहे: शक्य असेल तर साधा राउटर घ्या आणि हेच युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरा. राउटर स्वतःच डायल करतो. पुरवठादाराने जोडणी तुमच्या लॅपटॉपच्या हार्डवेअर पत्त्याला बांधली असेल तर त्याला फोन करून राउटरचा पत्ता नोंदवून घ्यायला सांगा. हे त्याचं रोजचं काम असतं.

होस्टेलच्या नेटला आधी लॉगिनचं पान उघडतं. फोनवर वेगळं लॉगिन करावं लागेल का?

नाही. लॉगिन लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एकदा करा. कॉलेजच्या यंत्रणेला फक्त लॅपटॉप दिसतो, त्यामुळे त्याच्यामागचे फोन त्याच लॉगिनवर चालतात. मध्यरात्री किंवा ठरावीक तासांनी लॉगिन संपतं तेव्हा फोनवर अचानक ते पान उघडू शकतं. फोनवरून लॉगिन केलंत तरी ते लॅपटॉपच्याच नावावर लागतं आणि दोन्ही परत चालू होतात.

यात एक जबाबदारीही आली. त्या लॉगिनवर जे काही होईल ते कॉलेजच्या नोंदीत तुमच्या नावावर लिहिलं जातं. खोलीतल्या मित्राला हॉटस्पॉट देताना हे त्यालाही सांगून ठेवा.

फोनच्या यादीत हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही.

लॅपटॉपने हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उभा केला असेल आणि तुमच्या उपकरणाला फक्त २.४ कळत असेल. जुने स्वस्त अँड्रॉइड फोन, किंडलची बरीच मॉडेलं, बरेच प्रिंटर, वायफायवर चालणारे प्लग आणि बल्ब हे २.४ वालेच असतात. हॉटस्पॉटच्या ‘एडिट’मध्ये ‘नेटवर्क बँड’ आहे, तिथे २.४ निवडा, हॉटस्पॉट बंद करून परत चालू करा.

हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. दर वेळी उठून चालू करावा लागतो.

विंडोज वीज वाचवायला बघतं. हॉटस्पॉटला पाच मिनिटं एकही उपकरण जोडलेलं नसलं की तो बंद केला जातो. फोनची स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन वायफाय सोडतात, त्यामुळे फोन वापरून बाजूला ठेवला आणि परत उचलला की नेट गायब. हॉटस्पॉटच्या पानावर ‘पॉवर सेव्हिंग’ नावाचं बटण असतं, ते बंद करा.

दुसरं कारण लॅपटॉपची झोप. लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉट गेला, याला तोड नाही. पॉवरच्या सेटिंग्जमध्ये ‘चार्जर लावलेला असताना कधीच झोपू नको’ असं ठेवा. झाकण मिटून ठेवायची सवय असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नको’ निवडा. मग तो दप्तरात मात्र टाकू नका. चालू लॅपटॉप बंद दप्तरात भयंकर तापतो.

जुन्या पद्धतीने शेअरिंग लावलं असेल तर अजून एक त्रास होतो. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर शेअरिंगची खूण जागच्या जागी दिसते, पण नेट जात नाही. खूण काढा, ओके करा, परत खूण करा, परत ओके. चालू होतं.

वायरवर १०० एमबीपीएस येतं, फोनवर तीसच मिळतं. का?

कारणं बरीच आहेत, आणि सगळी दुरुस्त होण्यासारखी नाहीत. लॅपटॉपचं वायफाय कार्ड नेट घेण्यासाठी बनवलेलं असतं. त्याचे अँटेना छोटे, स्क्रीनच्या कडेत बसवलेले. राउटरसारखी ताकद त्यातून मागणं चूक आहे. एका खोलीपुरतं ते चांगलं चालतं, मधे एक भिंत आली की स्पीड खाली येतो.

तरी बघण्यासारख्या गोष्टी आहेत. पट्टा २.४ वर असेल आणि फोन ५ वाला असेल तर ५ वर आणा. गजबजलेल्या इमारतीत २.४ चा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो. भिंतीपलीकडे न्यायचं असेल तर उलट २.४ बरा, तो लांब जातो. लॅपटॉपचं वायफाय त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या नेटवर्कला जोडलेलं असेल तर ते तोडा. एकच कार्ड दोन कामं करत असतं आणि वेळ वाटून घेतं. डोंगलच्या शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती लांब करा, तिच्यातून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट येतो.

आणि एकदा वायरच्या पिनकडे बघा. तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे, पण लॅपटॉपवरच ९५ च्या वर काही केल्या जात नाही, तर बहुतेक वेळा पिनमध्ये घोळ असतो. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० चा वेग फक्त दोन जोड्यांवर चालतो, नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी. त्यापुढे गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीची एक तार पिनमध्ये नीट दाबली गेली नसेल तर संगणक काही तक्रार न करता १०० वर उतरतो आणि नेट चालू राहतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. पारदर्शक पिन उजेडात धरली तर आठही तारा टोकापर्यंत पोहोचल्यात का ते डोळ्यांना दिसतं. एखादी अलीकडेच थांबलेली दिसली तर पिन कापून नवी दाबून घ्या. पिनची खिटी तुटली असेल तरीही तेच करा. खिटी नसलेली पिन जरा धक्का लागला की सैल होते आणि दोष मात्र हॉटस्पॉटवर जातो.

प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दिसतो, हेही धरून चाला. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला बारा मेगाबाइट दिसले म्हणजे पूर्ण वेग मिळतो आहे.

एका वेळी किती फोन जोडता येतात?

विंडोजच्या हॉटस्पॉटवर आठ. व्यवहारात चारच्या पुढे व्हिडिओ अडखळायला लागतात.

टीव्हीवर फोनमधून दाखवता येत नाही, प्रिंटर सापडत नाही.

फोन लॅपटॉपच्या छोट्या नेटवर्कवर आहे आणि टीव्ही घरच्या राउटरवर. मधल्या लॅपटॉपमुळे ते एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आणा: टीव्हीही हॉटस्पॉटला जोडा, किंवा फोन राउटरवर न्या.

मॅकवर कसं करायचं?

‘सिस्टिम सेटिंग्ज’, मग ‘जनरल’, ‘शेअरिंग’, आणि त्यात ‘इंटरनेट शेअरिंग’. २०२२ च्या व्हेंचुरा या आवृत्तीपूर्वीच्या मॅकवर हेच ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’मधल्या ‘शेअरिंग’मध्ये आहे. नेट ‘इथरनेट’वरून घ्यायचं (नव्या मॅकबुकला पोर्ट नसतो, तिथे तुमच्या ॲडॅप्टरचं नाव दिसेल) आणि ‘वायफाय’वर द्यायचं. ‘वायफाय ऑप्शन्स’मध्ये नाव आणि पासवर्ड आधी भरा, मगच बटण चालू करा. फोनला मिळणारा पत्ता १९२.१६८.२ ने सुरू होतो. तुमच्या घरच्या राउटरचे पत्तेही तसेच असतील तर टक्कर होते, राउटरचे बदला.

वायफायने आलेलं नेट परत वायफायनेच द्यायचं असेल तर मॅकवर ते होत नाही. विंडोजवर होतं, स्पीड कमी मिळतो.

आणि लिनक्सवर?

उबंटूमध्ये सेटिंग्जच्या वायफाय पानावर मेन्यूत ‘टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट’ आहे. वायरचं नेट आपोआप पुढे जातं, पत्ता १०.४२.० ने सुरू होतो. इंटेलच्या बऱ्याच कार्डांवर लिनक्समध्ये ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट उभा राहत नाही, २.४ वर राहतो. तिथे वेळ घालवू नका. डॉकर (प्रोग्रामरांचं एक सॉफ्टवेअर) बसवलेलं असेल आणि फोनला पत्ता मिळून नेट येत नसेल, तर डॉकरने फायरवॉलमध्ये पुढे पाठवण्याचा रस्ता बंद केलेला असतो, तो नियम आधी बघा.

संगणकाला वायफायच नाही आणि डोंगलही घ्यायचा नाही. दुसरा मार्ग?

संगणकात ब्लूटूथ असेल तर हॉटस्पॉटच्या पानावर ‘ब्लूटूथवरून द्या’ हा पर्याय आहे. वेग अगदी कमी. मेसेज आणि मेल जातात, व्हिडिओ नाही.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे यूएसबी-सी ते लॅन ॲडॅप्टर. वायर सरळ फोनला किंवा टॅबला लावायची, संगणक मध्ये हवाच कशाला! बहुतेक नवे अँड्रॉइड फोन, यूएसबी-सीचे आयपॅड आणि १५ पासूनचे आयफोन असा ॲडॅप्टर स्वीकारतात. मोठी फाइल उतरवायची असेल किंवा ऑनलाइन परीक्षा द्यायची असेल तर मी हाच सुचवेन, कारण यात वायफायची काहीच भानगड राहत नाही.

बाजारात हॉटस्पॉटची फुकट सॉफ्टवेअरं मिळतात. घ्यावीत का?

विंडोज १० आणि ११ वर गरज नाही. तुमचं सगळं नेट ज्याच्या हातातून जाणार तो प्रोग्राम अनोळखी साइटवरून उतरवणं धोक्याचं आहे. विंडोजचा स्वतःचा हॉटस्पॉट चालत नसेल तर कारण बहुधा ड्रायव्हरमध्ये असतं, आणि वरून बसवलेला प्रोग्रामही त्याच ड्रायव्हरवर अडकतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा नवा ड्रायव्हर आणून बसवा.

पासवर्ड सोपा ठेवला तर काय बिघडतं? खोलीतलेच तर वापरतात.

बिघडू शकतं, आणि आपल्याच राज्यात बिघडलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या माणसाचा त्या ईमेलशी संबंध नव्हता. त्याचं असुरक्षित वायफाय कुणीतरी वापरलं होतं. तरी चौकशीला तोंड त्यालाच द्यावं लागलं, कारण बाहेरच्या जगाला दिसतो तो जोडणी घेणाऱ्याचा पत्ता.

लॅपटॉपच्या हॉटस्पॉटचंही तसंच आहे. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा, मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख नसलेला ठेवा. मित्राचा मित्र येऊन गेला की बदला. विंडोजच्या हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची नावं दिसतात, अधूनमधून ती वाचा. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड लगेच बदला. जोडलेले सगळे तुटतात आणि नवा पासवर्ड ज्यांना द्याल तेच परत येतात.

ऑफिसच्या संगणकावरून स्वतःच्या फोनला नेट घेतलं तर चालतं का?

विचारल्याशिवाय करू नका. बँका, सरकारी कार्यालयं आणि बऱ्याच कंपन्या हॉटस्पॉट मुद्दाम बंद करून ठेवतात. तिथे ‘हे तुमच्या संस्थेच्या हातात आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. आतल्या सुरक्षित नेटवर्कला बाहेरचा फोन जोडला की त्या फोनमधला एखादा वाईट ॲप थेट कंपनीच्या दारात येतो, त्यांची काळजी रास्त आहे. वायरवरच ओळख पटवून नेट देणारी यंत्रणा असेल तर मॅकवर इंटरनेट शेअरिंग चालूच होत नाही.

परवानगी हवीच असेल तर संगणक विभागाला कारण सांगून पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जागा मागा. बऱ्याच ठिकाणी ते असतं, कुणी विचारत नाही म्हणून सांगितलं जात नाही.

लाइट गेली तर? लॅपटॉप तर बॅटरीवर चालतो.

लॅपटॉप चालतो, पण भिंतीवरचा फायबरचा डबा किंवा केबलवाल्याचा स्विच विजेवरच असतो. तो बंद पडला की वायरमध्ये नेट नाही आणि हॉटस्पॉट नुसता नावाला. त्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. डब्याच्या चार्जरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. भारनियमनाच्या गावात ऑनलाइन वर्ग करणाऱ्या मुलांना याचा फार आधार होतो. इमारतीतल्या जिन्यात केबलवाल्याचा वेगळा स्विच असेल तर त्यालाही बॅकअप आहे का, हे यूपीएस घेण्याआधी त्याला विचारा.